चैत्रातला गळ

पालघरचा मासा म्हटला की सातपाटीचं पापलेट. त्यावर कुणी वाद घालत नाही, आणि २०२३ साली राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा करून टाकल्यावर तर बोलणंच खुंटलं. मुरबे, दांडी, नवापूर, चिंचणी या बंदरपट्टीच्या गावांत मासा म्हणजे खाऱ्या पाण्यातलाच.

रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेला निघालं की बंदरपट्टी मागे पडते आणि जंगलपट्टी लागते. तिथे वैतरणा आहे, सूर्या आहे, त्यांना मिळणारे असंख्य ओढे आहेत. सूर्येवर धामणीचं धरण आणि त्याच्या खाली कवडासचा बंधारा आहे. पालघर शहराजवळ देवखोपचा तलाव, केळव्याकडे झांझरोळीचं धरण, जुन्या गावांतून देवळापुढची दगडी पायऱ्यांची तळी, आणि वसईच्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या शिंपण्यासाठी राखलेली बावखलं. वारली, कातकरी, मल्हार कोळी घरांतून कालवणाला लागणारा मासा इथूनच येतो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांची चित्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्यातलं अख्खा कागद व्यापणारं मासे धरायचं जाळं आठवेल. २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली, वारली चित्रकला जगभर गेली, पण त्या जाळ्यात येणाऱ्या माशांबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

जाळ्याची गोष्ट मोठी आहे. या प्रकरणात आपण त्याहून साध्या हत्याराकडे बघू: एक बांबूची काठी, तंगुसाची दोरी, टोकाला बारीक गळ. जागा तळ्याचा घाट किंवा ओढ्यावरची मोरी. आणि वेळ फाल्गुन ते वैशाख.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या तळ्यांवर हाच उद्योग याच सुमारास सुरू होतो. हिवाळ्यात गोठलेलं तळं मोकळं होतं, पाणी हळूहळू वीस अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतं, आणि ‘ब्लूगिल’ नावाचा तळहाताएवढा मासा खोल पाण्यातून काठाकडे येतो. तिथे तळ्याकाठच्या घरांना पाण्यात शिरणारे लाकडी धक्के असतात. त्या धक्क्यावर पाय सोडून बसलेली पोरं आणि आजोबा हे तिकडच्या वसंताचं ठरलेलं दृश्य. मासा तसा छोटाच. ब्लूगिलचा जागतिक विक्रम १९५० साली अलाबामातल्या केटोना तळ्यात झाला, तोही सव्वादोन किलोच्या आतला. दोन-चार मिळाले तर तवा भरतो, एवढाच हिशेब.

मासा काठाला येतो तो घर थाटायला. नर ब्लूगिल उथळ पाण्यात शेपटीने वाळू-माती उडवून गोल खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि निघून जाते. मग अंड्यांवर शेपटीने पाणी वारत राहणं आणि जवळ येणाऱ्याला हुसकावणं हे सगळं बापाचं काम. त्यात लबाडीही चालते. कॅनडातल्या ओपिनिकन तळ्यावर मार्ट ग्रॉस या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की काही नर सात वर्षं वाढून, मोठे होऊन घर बांधतात, तर काही दुसऱ्याच वर्षी वयात येतात, घर-बिर काही बांधत नाहीत आणि मोठ्या नराच्या खळग्यात ऐन वेळी घुसून आपलं काम उरकून पळतात.

मासे धक्क्यापाशीच का जमतात? दगडावर, लाकडावर शेवाळ धरतं, शेवाळात किडे, किड्यांमागे मासे, हे एक. दुसरं कारण सावली. १९८१ साली जीन हेल्फमन यांनी हे तपासलं. सावलीत उभ्या असलेल्या माशाला उन्हातली हालचाल लांबून दिसते, पण उन्हातून येणाऱ्याला सावलीतला मासा उशिरा दिसतो. म्हणजे सावली ही नुसती गारव्याची जागा नाही, टेहळणीची आहे. आपल्या घाटांना हे दोन्ही लागू आहे, शिवाय तिसरी गोष्ट आपली खास. घाटावर भांडी घासली जातात, कपडे धुतले जातात, पोरं पाव टाकतात, देवाचा भात पाण्यात सोडला जातो. मासे याला इतके सरावतात की पायरीवर बादली आपटली की पळायच्या ऐवजी जवळ येतात.

इथवर दोन्हीकडची गोष्ट सारखी. पुढे मात्र फाटा फुटतो. तिकडे वसंत म्हणजे पाणी तापू लागणं. पालघरच्या तळ्यांना तापायची वाट बघावी लागत नाही; ऐन थंडीतही इथलं पाणी माशांना गारठवण्याइतकं थंड होत नाही. इथे वसंत म्हणजे पाणी आटणं. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो, आणि डहाणूजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते त्या चैत्री पौर्णिमेपर्यंत ओढ्यांचे डोह सुटे पडलेले असतात, तळ्यांच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात. मासे तेवढेच, पाणी निम्म्याहून कमी. पावसाळ्यात जो मासा शेतांतून कुठेही भटकू शकत होता, तो आता घाटापासून काठीच्या अंतरावर आहे.

आणि त्या पाण्यात बहुतेक वेळा भेटतो तो चिलापी.

चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेतला. त्यातली मोझांबिकी जात १९५२ साली श्रीलंकेतून तमिळनाडूतल्या मंडपमला आणली गेली. कुठल्याही पाण्यात जगतो, काहीही खातो, भराभर वाढतो, गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिनं येतील, असा विचार त्यामागे होता. विचार वाईट नव्हता. पण हा मासा दोन-तीन महिन्यांचा झाला की वयात येतो आणि पुन्हा पुन्हा वितो. तळं भरून जातं, खाणं पुरत नाही, आणि मग किलोभर होण्याऐवजी बोटभर माशांचीच गर्दी होते. १९५९ साली देशाच्या मत्स्यसंशोधन समितीने त्याचा प्रसार थांबवायला सांगितलं. तोवर चिलापी निघून गेला होता. आज उजनीपासून वसईच्या बावखलांपर्यंत तो आहेच.

अशी चूक काही आपणच केली असं नाही. १९६० साली जपानचे युवराज अकिहितो अमेरिकेला गेले, तेव्हा शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. युवराज स्वतः माशांचे अभ्यासक. त्यांनी ते मासे पैदाशीसाठी सरकारी संशोधन संस्थेकडे सोपवले. तिथून ते सुटले आणि बिवा सरोवरातल्या देशी माशांच्या मुळावर आले. पुढे सम्राट झालेल्या अकिहितोंनी २००७ साली याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. अमेरिकेत कौतुकाचा असलेला हा मासा जपानात धरून मारायचा मासा आहे.

चिलापीचं घर बघायला पाण्यात उतरावं लागत नाही. चैत्र-वैशाखात तळ्याचं पाणी हटलं की काठच्या ओल्या गाळात एकाला एक लागून ताटाएवढे गोल खळगे उघडे पडलेले दिसतात. म्हशीच्या खुरांचे ठसे म्हणून लोक त्यांवरून चालत जातात. जवळ जाऊन बघा: कडा बांधीव, मधला भाग स्वच्छ, खडा-काडी काही नाही. महिन्यापूर्वी ती गुडघाभर पाण्यातली नराची जागा होती. पाण्याची धार जिथे आता आहे, तिथे दोन हातांवर नजर लावली की चालू खळगेही दिसतात. वर उभा असलेला नर एरवीसारखा करडा राहत नाही. तो काळाकुट्ट होतो, गळ्याखाली पांढुरका, आणि परांच्या कडा लालभडक.

मादी खळग्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात भरून घेते. जवळजवळ तीन आठवडे ती अंडी आणि मग पिल्लं तोंडात सांभाळते. त्या काळात ती जवळपास उपाशीच असते. पिल्लं बाहेर सोडल्यावरही धोका दिसला की सगळी पुन्हा आईच्या तोंडात. ब्लूगिलच्या घरी बाळंतपण बाप करतो, चिलापीच्या घरी आई. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: तोंड भरलेली मादी आमिषाकडे बघत नाही, आणि घाटावर गळाला लागतो तो बहुधा राखण करणारा नर किंवा उंडारणारं पोर.

आता हत्याराकडे. काठी हातात पेलेल अशी, पुरुष-दीड पुरुष लांब. दोरी काठीएवढीच, जास्त लांब दोरी घाटावर दुसऱ्याच्या सदऱ्यात अडकते. तंगूस जितका बारीक तितका बरा, पाव मिलिमीटर पुष्कळ झाला. चिलापीचं तोंड लहान आणि ओठ जाड, म्हणून गळ बारीक आणि टोक खरोखर धारदार हवं. बूच म्हणून मोराच्या पिसाचा दांडा उत्तम. नसेल तर जुन्या चपलेच्या रबराचा बोटाएवढा तुकडा सगळीकडे चालतो. शिशाचा एक मणी गळापासून चार बोटं वर.

त्या चार बोटांना महत्त्व आहे. दोरी अशी मापायची की शिसं तळाला टेकेल आणि बूच पाण्यात जेमतेम उभं राहील. खळग्यावरचा नर आमिष खायला येतोच असं नाही. त्याला आपल्या स्वच्छ केलेल्या जागेत पडलेला कचरा चालत नाही, म्हणून तो ते तोंडात उचलतो, बाहेर नेतो आणि थुंकतो. उचलताना शिसंही उचललं जातं, बुचावरचा भार जातो आणि उभं बूच पाण्यावर आडवं पडतं. नवशिका बूच बुडायची वाट बघत बसतो आणि मासा तोवर गळ थुंकून मोकळा झालेला असतो. बूच आडवं पडलं की मनगटाचा छोटा हिसका, बस. हात खांद्यापासून वर फेकणारे मासे कमी आणि झाडातली दोरी जास्त सोडवतात.

आमिष गांडुळाचं, पण चैत्रात गांडूळ मिळणं हेच निम्मं काम. जमीन तडकलेली असते. मोरीचं पाणी जिथे जिरतं तिथे, केळीच्या बुंध्याशी किंवा शेणखताच्या ढिगाच्या बुडाशी उकरायचं. नाहीच मिळालं तर कणकेचा वाटाण्याएवढा गोळा, कापसाचे दोन धागे मळून घेतलेला, म्हणजे पाण्यात लगेच विरघळत नाही.

पहाटे उठून घाटावर जायचं, हा सल्ला सगळे देतात. समुद्राच्या माणसाचा तो सल्ला आहे, आणि हिरव्या पडलेल्या तळ्याला तो उपयोगी नाही. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तीस अंशाला साडेसातच. त्यात तळं शेवाळाने हिरवं असेल तर दिवसा ते शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर स्वतःच वापरतं. त्यामुळे सूर्य उगवायच्या जरा आधी पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यांत कमी. त्या वेळी मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड लावून उभे असतात. ते दिसतात भरपूर, म्हणून मोह होतो, पण खात नाहीत. ऊन चांगलं वर आल्यावर, आठ-साडेआठनंतर ते कामाला लागतात. दुपार सोडून द्यावी. साडेचारनंतर पुन्हा बसावं, घाटाची सावली पाण्यात शिरेल त्या बाजूला.

ऑक्सिजनची फिकीर न करणारा एक गडी याच पाण्यात असतो: मरळ. त्याच्या कल्ल्यांच्या वर हवेतला श्वास घ्यायची वेगळी सोय आहे, म्हणून तो मधूनमधून वर येतो, घोट घेतो आणि खाली जातो. तळं आटून चिखल झाला तरी तो चिखलात तग धरतो. बाजारात मरळ जिवंत विकली जाते ती याच गुणावर. चैत्रात मरळ लागली तर आनंदाने घरी न्यावी. पाऊस पडल्यावर मात्र तिची पिल्लं लालसर रंगाच्या झुंडीने पृष्ठभागावर फिरतात आणि त्यांच्या खाली आई-बाप राखणीला असतात. त्या झुंडीत बेडकी लावलेला गळ टाकला तर मरळ हमखास येते. हमखास येते म्हणूनच ते करू नये. मागे उरलेली पिल्लं तासाभरात फस्त होतात.

इथे या प्रकरणातली माझी खरी तक्रार येते. आपल्याकडे मासेमारीचा सगळा उत्साह मृगाच्या पहिल्या पावसाला उतू जातो. वळगण लागते, ओढ्याला लाल पाणी येतं, आणि मळ्या, खवली, शिंगटी असे देशी मासे पोटात गाबोळी घेऊन प्रवाहाविरुद्ध शेतांकडे चढतात. उथळ पाण्यात अंडी घालायला वर्षातले हेच काही दिवस त्यांना मिळतात. आणि नेमके त्याच दिवशी आपण बांधाच्या प्रत्येक फटीला सापळा लावून, टॉर्च घेऊन, पोतं घेऊन उभे. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ते सगळ्यांना पाठ आहे. ओढ्यातल्या माशालाही पोट असतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. पूर्वी पाड्यावरची माणसं चार घरांपुरता मासा धरत, तेव्हा ते खपून जाई. आता नायलॉनची बारीक जाळी आणि कुठे कुठे चक्क ब्लीचिंग पावडर. विष घालून किंवा स्फोट करून मासे मारण्याला १८९७च्या मत्स्यकायद्यापासून बंदी आहे, म्हणजे बंदी सव्वाशे वर्षांची झाली.

चैत्रातला गळ याच्या बरोबर उलट आहे. देशी माशांची अंडी अजून तयार व्हायची आहेत, आणि गळाला बहुतेक चिलापीच लागतो, जो कितीही धरला तरी कमीच. अमेरिकेत नेमका उलटा सल्ला देतात. तिथे वसंतात घर राखणारे मोठे ब्लूगिल नर भराभर उचलले की राखण जाते, लवकर वयात येणाऱ्या लबाड नरांचं फावतं आणि तळ्यात बारक्या माशांचाच सुळसुळाट होतो. म्हणून मोठा नर सोडून द्या, असं तिथले मत्स्यतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे खळग्यावरचा काळा नर दिसला की सोडायचं काही कारण नाही. तोच खळगा, तीच राखण, पण तो इथला नाही.

अर्थात तळं कुणाचं ते आधी विचारावं. पुष्कळ तलाव आणि जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आणि त्यात सोडलेलं रोहू-कटल्याचं बीज त्यांच्या पैशाचं असतं. चिलापी धरायला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण “काका, बसू का थोडा वेळ?” एवढं विचारायला काय जातं! देवळाच्या तळ्यात मासे धरत नसतील तर तिथे काठी काढूच नये.

गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो, अशी बंदरपट्टीच्या लोकांची नापसंती असते. ती खोटी नाही. तळातले सूक्ष्म जीव ‘जिओस्मिन’ नावाचं रसायन तयार करतात, पहिल्या पावसानंतर मातीला येतो त्या वासातही तेच असतं, आणि माणसाचं नाक ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतकं कमी असलं तरी ओळखतं. पण आम्लात जिओस्मिन मोडतं. म्हणून गोड्या माशाच्या कालवणाला आंबट सढळ लागतं, आणि चैत्रात त्यासाठी कैरी झाडावर तयारच असते. खवलं काढून, पोटातलं काळं अस्तर नखाने खरवडून, मासा मीठ आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवायचा. कालवणात कैरीच्या फोडी सालीसकट. आमसूल, चिंच चालते, पण कैरीचा आंबटपणा माशाच्या अंगात जास्त मुरतो, असं माझं मत.

आंबटाने वास जातो. कारखान्याचं पाणी जात नाही. बोईसर-तारापूरच्या आसपास गळ टाकणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या पाहणीत तारापूर औद्योगिक क्षेत्राचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ निघाला, देशात सगळ्यांत वरचा. इथलं सांडपाणी खाड्यांत जातं म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. त्या बाजूच्या नाल्यांत आणि डबक्यांतही चिलापी दिसतो, धष्टपुष्ट दिसतो. चिलापी जगतो म्हणजे पाणी चांगलं, असं समजणारे भेटतात. पण इतर मासे मरतात तिथेही तो तगतो, आणि तगताना पाण्यातलं काय काय अंगात साठवतो ते खाणाऱ्याला चवीवरून कळत नाही. त्यामुळे बोईसरहून काठी घेऊन निघालेल्याने वसाहतीच्या नाल्याकडे वळू नये. सूर्येच्या वरच्या अंगाला, कासा-कवडासच्या बाजूला जावं; रस्ता लांबचा आहे, पण गांडुळं उकरायला हातभर ओली जमीनही तिकडेच मिळते.